युरोपची कौटुंबिक सफर : देश नव्हे, रात्री मोजा



आपल्यातील लहानमोठे व्यापारी आणि कारागीर आता मुलाबाळांना घेऊन परदेशी जाऊ लागले आहेत. दुबई पाहून झाली की मुले युरोपचे नाव काढतात. ही ख्वाहिश गैर नाही. पण कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. तागा कितीही सुंदर असो, बेतताना चुकले की कापड वाया जाते. सफरीचेही तसेच आहे. खर्च लाखांत होतो आणि तो वर्षानुवर्षांच्या बचतीतून येतो. म्हणून युरोपचा बेत कसा करावा, हे आज हिशोबाने पाहू.

आमची पहिली चूक

२०१९ साली माझ्या मुलाने एक यादी केली. अकरा दिवस, सात देश. लंडनपासून रोमपर्यंत सगळे त्यात होते. यादी पाहून घरात सर्वांना आनंद झाला. हिशोब मात्र कोणी मांडला नाही.

हिशोब असा आहे. एका शहरातून दुसऱ्या शहरात मुक्काम हलवायचा म्हणजे सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, गाडीचा प्रवास आणि पुन्हा नवीन खोली शोधणे. तिथेही खोली बहुधा दुपारनंतरच मिळते. म्हणजे प्रत्येक बदलाला निदान अर्धा दिवस जातो. सात मुक्कामांत सहा बदल, म्हणजे तीन दिवस गेले. विमानाने जाण्या-येण्याचे दोन दिवस धरा. अकरा दिवसांतून सहाच हाती राहिले, आणि तेवढ्यात सात देश पाहायचे! शिवाय लंडनचा व्हिसा वेगळा लागतो, हेही आम्हाला उशिरा कळले.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. खात्यात शिल्लक कमी दिसते म्हणून अर्ज करण्याच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून रक्कम घेऊन बँकेत भरली. अर्ज नामंजूर झाला. पैसा कुठून आला याचा खुलासा आमच्या कागदांत नव्हता. फी परत मिळत नाही. अम्मीने प्रवासासाठी शिवून घेतलेले कपडे पुन्हा पेटीत ठेवून दिले. ती काही बोलली नाही, पण मला फार लागले.

कागदपत्रे म्हणजे आपली खतावणी

युरोपातील २९ देशांचा एक संयुक्त गट आहे. त्याला शेंगेन म्हणतात. एका व्हिसावर या सर्व देशांत फिरता येते. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र यात नाहीत.

अर्ज कोणत्या देशाकडे करावा? जिथे सर्वांत जास्त मुक्काम आहे त्या देशाकडे. मुक्काम समान असेल तर जिथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून तिथे अर्ज करायचा आणि राहायचे दुसरीकडे, असा सल्ला देणाऱ्यांपासून दूर राहावे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवस ही शेवटची मर्यादा आहे. मे महिन्यात शाळांना सुट्टी म्हणून गर्दी होते. जानेवारी-फेब्रुवारीतच कागद द्यावेत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. विमा निदान ३०,००० युरोचा लागतो.

फी प्रौढांना ९० युरो आणि सहा वर्षे पूर्ण ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो आहे. आमचे कुटुंब पाच जणांचे: आम्ही नवराबायको, अम्मी, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. चार पूर्ण आणि एक अर्धी, मिळून ४०५ युरो. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे शुल्क वेगळे.

आता व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट. आपला धंदा रोकडीचा असतो. पण व्हिसा देणारा अधिकारी आपली पेढी पाहायला येत नाही. तो कागदच पाहतो. म्हणून दीड-दोन वर्षे आधीपासून विक्री खात्यातून फिरू द्यावी, आयकराचे विवरणपत्र वेळेवर भरावे आणि जीएसटीची नोंदणी चोख ठेवावी. नातेवाइकाने खर्च उचललाच तर लपवू नये. त्याचे पत्र आणि त्याचे कागद सोबत जोडावेत. सरळ हिशोबाला भीती नसते.

मुक्काम कसे बेतावेत

दुसऱ्यांदा, २०२५ च्या मे महिन्यात, आम्ही बारा रात्री धरल्या आणि तीनच देश घेतले. पॅरिसला चार रात्री, लियोंला दोन, स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नला तीन आणि इटलीत मिलानला तीन. बदल फक्त तीन. फ्रान्समध्ये सहा रात्री झाल्या, म्हणून अर्ज फ्रान्सकडे केला.

विमानाचे तिकीट जाताना पॅरिसचे आणि येताना मिलानहून घेतले. त्याच शहरात परत येण्याचा हट्ट धरला तर एक दिवस आणि एक रेल्वेभाडे फुकट जाते.

रेल्वेचे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तासांत पाहावे. पॅरिस ते लियों वेगवान गाडीने सुमारे दोन तास. लियों ते लुसर्न जिनिव्हाला गाडी बदलून पाच तासांच्या आसपास. हा दिवस प्रवासाचाच समजावा, त्यात दुसरे काही घालू नये. लुसर्न ते मिलान सव्वातीन तासांच्या आसपास. ही गाडी २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोथार्ड बोगद्यातून जाते. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांची तिकिटे काही महिने आधी घेतल्यास स्वस्त पडतात. उशीर केला तर भाव चढतो.

वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांचा हिशोब

पॅरिसच्या भुयारी रेल्वेत जिने फार आहेत आणि बऱ्याच स्थानकांवर लिफ्ट नाही. अम्मी एकाहत्तर वर्षांची. आम्ही बसने फिरलो. वेळ थोडा जास्त लागला, पण शहर डोळ्यांनी दिसले. लूव्हर संग्रहालय मंगळवारी बंद असते, १ मे रोजीही बंद असते. अठरा वर्षांखालील मुलांना तिथे तिकीट नाही, पण वेळ आधी नोंदवावी.

स्वित्झर्लंडमध्ये सगळ्यांना युंगफ्राउयोखला जायचे असते. तिथले रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे. भाडे जबर, लुसर्नहून जाण्या-येण्यातच दिवस जातो, आणि वृद्धांना त्या उंचीवर दम लागू शकतो. त्याऐवजी आम्ही रिगीचा डोंगर निवडला. तिथली रेल्वे १८७१ सालची, शिखर सुमारे १,८०० मीटर. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर रिगीला वेगळे भाडे पडत नाही, आणि आईवडिलांकडे तो पास असेल तर सोळा वर्षांखालील मुले त्यांच्याबरोबर मोफत फिरतात. बर्फही दिसला, सरोवरही दिसले आणि खिसाही वाचला.

खाणे, राहणे, रोकड

पाच माणसांना एका खोलीत ठेवत नाहीत. दोन खोल्या घ्याव्या लागतात किंवा स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. दुसरा मार्ग आपल्याला सोयीचा. पॅरिस आणि लियोंमध्ये हलाल जेवण सहज मिळते. लहान गावांत शोधावे लागते. घरी भात-डाळ शिजवली की प्रश्नच राहत नाही. मात्र भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. कबाब, तूप, पेढे घरीच ठेवावेत. प्रमाणपत्राशिवाय हापूस आंबाही चालत नाही. मसाले आणि चिवडा न्यावा.

मेअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. मगरिब इतक्या उशिरा, तर इशाला आणखी उशीर होतो. सकाळी सातला सर्वांना बाहेर काढण्याचा बेत टिकत नाही. दुपारी विश्रांती ठेवावी.

भारतातून निघताना माणशी ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेता येतात. बाकी रक्कम कार्डावर न्यावी. दुकानदाराने रुपयांत बिल करू का विचारले तर नाही म्हणावे. युरोतच द्यावे, नाहीतर भाव त्यांच्या मर्जीचा लागतो. स्वित्झर्लंडला फ्रँक चालतो हे विसरू नये. टूर कंपनीचे पॅकेज घेतल्यास टीसीएस घेतला जातो. तो खर्च नसून आगाऊ कर आहे, विवरणपत्रात वळता करून घ्यावा. दर बदलत असतात, आपल्या सीएला विचारावे.

ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. वाटेत विमान बदलायचे असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवावेत.

लियों कशासाठी?

बहुतेक लोक लियोंला थांबत नाहीत. आम्ही थांबलो, कारण भिवंडी आणि मालेगावच्या मागांवर जे जॅकार्ड बसवलेले असते, ते याच शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्ड यांच्या नावाचे. १८०४ च्या सुमारास त्यांनी ते यंत्र सिद्ध केले. क्रुआ-रूस नावाच्या मोहल्ल्यात विणकरांची जुनी घरे आहेत. माग मावावा म्हणून त्यांची छते उंच बांधलेली. तिथे एका लहान संग्रहालयात आजही हातमाग चालवून दाखवतात.

अम्मीचे वडील हातमागावर बसत. धोट्याचा आवाज ऐकताच अम्मी कठड्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. माझी मुलगी तिला विचारू लागली, नानाजान असेच विणायचे का? अम्मीने तिला ताणा कुठला आणि बाणा कुठला ते बोटाने दाखवले. अंगावर पेटीत सहा वर्षे पडून राहिलेला तोच कुर्ता होता. सात देशांच्या यादीत लियोंचे नाव नव्हते.

म्हणून सांगतो, एकाच फेरीत सगळे युरोप उरकण्याची घाई करू नये. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की, तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले तर पुढे साधारणपणे दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. वेळेवर परतणाऱ्याची पत वाढते, जशी बाजारात वाढते.

आधी रात्री मोजा, मग बदल मोजा, आणि घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या चालीने बेत करा. इन्शाअल्लाह, सफर सुखाची होईल आणि घरी आल्यावर कर्जाचा हप्ता मागे लागणार नाही.