बिनगिअरची गाडी घाटात उतरवताना

ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे ट्रकवाल्यांपासून सगळे सांगतात. ज्याच्या गाडीला गिअरच नाहीत त्याने काय करायचं, ते मला आंबेनळी घाटात कळलं.

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे निघालो होतो. ११० सीसीची स्कूटर, पुढे-मागे ड्रम ब्रेक, मागे बायको, पायाशी बॅग. वळणं अवघड म्हणून वेग अगदी बेताचा ठेवला होता. वाडा कुंभरोशी यायच्या आतच बायको म्हणाली, "अहो, कसला तरी जळका वास येतोय." तोवर डावी लिव्हर मुठीला टेकायला लागली होती. डोंगराच्या बाजूला रुंद जागा बघून थांबलो आणि ड्रम निवेपर्यंत बसून राहिलो. एका भल्या माणसाने चाकावर मारायला पाण्याची बाटली पुढे केली. ती आम्ही पिऊन टाकली. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो वाकतो, कधी तडकतोही.

गंमत अशी, की लायनर तापले ते हळू चालवल्यामुळेच. स्कूटरचा क्लच फिरण्याच्या जोरावर पकडतो. रेस पूर्ण सोडली आणि वेग साधारण १५-२० च्या खाली गेला की तो सुटतो. मग इंजिन आयडलवर आणि गाडी मोकळी. पुढे उतारावर वेग पुन्हा ४० झाला तरी क्लच आपणहून धरत नाही, कारण त्याला फिरवणारं इंजिन आयडलवरच असतं. सगळा भार ब्रेकवर येतो, आणि आपल्याला वाटतं आपण फार जपून चाललोय.

म्हणून वळण संपून रस्ता सरळ झाला की किंचित रेस द्यायची, क्लच धरल्याचा हलका झटका जाणवला की सोडायची. २५-३० च्या आसपास इंजिन चाकाला मागे ओढतं, आवाजावरूनही ते समजतं. मोटरसायकलच्या दुसऱ्या गिअरइतकी ही ओढ नसते, तेव्हा ब्रेक लागणारच. पण लिव्हर सतत अर्धवट दाबून ठेवू नका. दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग उतरवा आणि सोडा. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. पेट्रोल वाचवायला चावी बंद करणाऱ्यांना तर हात जोडावेत. इंजिनच बंद, तर क्लच धरणार कशाच्या जोरावर?

सीव्हीटी कारमध्ये क्लचची ही भानगड नसते, तिथे गोची 'डी'ची आहे. मायलेजसाठी तो इंजिनाचे फेरे कमीत कमी ठेवतो, त्यामुळे उतारावर गाडी सुटल्यासारखी वाटते. उतार सुरू व्हायच्या आधीच 'एस' किंवा 'एल'मध्ये या, पॅडल असतील तर ती वापरा. न्यूट्रल कधीच नको. त्यात पेट्रोलही वाचत नाही: इंजेक्शनच्या गाडीत रेस सोडून उतरताना पुरवठाच तुटतो, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलपुरतं जळत राहतं. 'एल'मध्ये इंजिन मोठ्याने ओरडतं, शेजारी बसलेले घाबरतात, "गाडी खराब होईल" म्हणतात. आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात शिरत नसेल तर खुशाल ओरडू द्या.