खाडीपलीकडील न्याय

खारघरच्या डोंगरावर उभे राहून निरभ्र दिवशी पश्चिमेकडे पाहिले, म्हणजे पायथ्याशी दाट वस्ती, तिच्यापुढे खाडीचे पाणी आणि पाण्यापलीकडे मुंबई असा देखावा दिसतो. आज खाडीवर पूल आहेत. दोनशे वर्षांपूर्वी मात्र पुण्याचा प्रवासी बोरघाट उतरून पनवेलला येई आणि तेथून होडीने मुंबई गाठी. त्या काळी हे पाणी केवळ वाटेतच आडवे येत नसे. ते न्यायाच्याही आड येत असे.

मुंबईत ८ मे १८२४ रोजी सुप्रीम कोर्ट स्थापन झाले. त्याचे न्यायाधीश इंग्लंडचा राजा नेमीत असे. राज्यकारभार मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर पाहत असे. मुंबई बेटातील रहिवासी या न्यायालयाच्या अधिकाराखाली होते. खाडीपलीकडील सामान्य रयतेसाठी कंपनीच्या अदालती निराळ्या होत्या.

१८२८ साली सर जॉन पीटर ग्रँट हे या न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून मुंबईस आले. त्यांचा जन्म १७७४ सालचा, स्कॉटलंडमधील एका जुन्या घराण्यातला. ते कायदेपंडित होते आणि पार्लमेंटचे सभासदही राहिले होते. परंतु कर्जाने बेजार होऊन उतारवयात त्यांना सातासमुद्रांपलीकडची ही नोकरी पत्करावी लागली.

त्याच वर्षी पुण्यातील मोरो रघुनाथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाचे प्रकरण न्यायालयापुढे आले. पांडुरंग रामचंद्र या वजनदार गृहस्थांनी त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवले आहे, अशी तक्रार होती. ‘त्या मुलाला आमच्यासमोर उभे करा,’ अशा अर्थाचे आज्ञापत्र न्यायालयाने काढले. अशा आज्ञापत्राला ‘हेबिअस कॉर्पस’ म्हणतात. कोणालाही बेकायदेशीरपणे डांबून ठेवता येऊ नये, हा त्याचा हेतू.

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना हे रुचले नाही. पेशवाई संपून अवघी दहा वर्षे झाली होती. दक्षिणेतील सरदारांचा मान राखण्याचे वचन सरकारने दिले होते. मुंबईच्या न्यायालयाने पुण्यात हात घातला, तर सरदार बिथरतील, अशी त्यांना भीती वाटे. म्हणून ३ ऑक्टोबर १८२८ रोजी सरकारने न्यायाधीशांना पत्र पाठवले आणि अशी आज्ञापत्रे काढू नयेत, असे सुचवले. न्यायाधीशांना हा न्यायालयाचा अपमान वाटला. निकाल कसा द्यावा, हे सरकारने खाजगी पत्राने सांगायचे नसते; सरकारचे म्हणणे असेल, तर ते इतरांप्रमाणे उघड न्यायालयात मांडले पाहिजे.

मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्येच वारले होते. पत्रानंतर थोड्याच दिवसांत सर चार्ल्स चेंबर्स हेही वारले. आता ग्रँट एकटे उरले. पण ते डगमगले नाहीत. सरकार आज्ञापत्र बजावू देईना, तेव्हा १८२९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी न्यायालयाचे कामकाजच बंद केले. ज्या न्यायालयाची आज्ञा कोणी पाळत नाही, ते उघडे ठेवून काय उपयोग?

विलायतेतील मंत्री लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कमना एक खाजगी पत्र लिहिले. दोन नवे न्यायाधीश पाठवले, म्हणजे ग्रँट यांची अवस्था दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये सापडलेल्या रानहत्तीसारखी होईल, असे त्यात होते. पुढे हे पत्र वर्तमानपत्रांत छापले गेले आणि मंत्र्यांचीच नाचक्की झाली.

अखेर हे प्रकरण इंग्लंडमध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. १८२९ सालच्या निर्णयाप्रमाणे, न्यायालयाचा अधिकार पुण्यातील अशा रहिवाशांवर चालत नव्हता. मोरो रघुनाथाला न्यायालयापुढे आणण्याचा मार्ग बंद झाला. कायद्याच्या दृष्टीने ग्रँट हरले. त्यांनी मुंबई सोडली, कलकत्त्यास वकिली केली आणि १८३३ मध्ये ते तेथील न्यायाधीश झाले. १८४८ साली मायदेशी परतत असताना समुद्रप्रवासातच त्यांचे निधन झाले.

अधिकाराची मर्यादा ओळखण्यात ग्रँट चुकले असतील. परंतु न्यायाधीशाने सत्तेपुढे मान तुकवू नये, हा त्यांचा आग्रह चुकीचा नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या ३२ व्या आणि २२६ व्या अनुच्छेदांनुसार डांबून ठेवलेल्या व्यक्तीसाठी सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. मुंबईचा, पुण्याचा किंवा खारघरचा, असा भेद आता उरलेला नाही. खाडीचे पाणी आहे तेथेच आहे. न्याय मात्र ती ओलांडून आला आहे.

स्वाध्याय

१. खाडीचे पाणी ‘न्यायाच्याही आड येत असे’, असे का म्हटले आहे?
२. माल्कम यांना कोणती भीती वाटत होती? ती तुम्हांला योग्य वाटते का? कारणे द्या.
३. ग्रँट हरले, तरी त्यांचा आग्रह चुकीचा का नव्हता?
४. वाक्यांत उपयोग करा : मान तुकवणे, दाद मागणे, नाचक्की होणे.