चुकेल म्हणून हात थांबतो?

प्रश्न : जुने शहर, अकोला येथील ४८ वर्षांच्या एका वाचक भगिनींनी मराठी टंकलेखनाचा वर्ग लावला आहे. कळ दाबण्याआधीच ‘चुकेल’ असं वाटतं, रात्रीही तेच डोक्यात घोळतं. या वयात जमेल का?

तज्ज्ञांचे उत्तर : नक्की जमेल.

मेंदू एका वेळी मोजक्याच गोष्टी पेलतो. त्यातली जागा काळजीने अडवली, की बोटांकडे लक्ष उरत नाही.

राहिला वयाचा प्रश्न, तर ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साडी नेसून पाटीवर मुळाक्षरं गिरवू लागल्या, अंगठ्याऐवजी सही करू लागल्या.

या भगिनींनी रोज १५ मिनिटं एकच उतारा टंकावा, चुका वहीत लिहाव्यात आणि वही मिटावी. महिन्याने पहिलं पान जरूर उघडून पाहावं.