बेरजेचा आरंभ कोठे करावा?

विज्ञानाच्या तासाला एकच मोजमाप आपण तीन-चार वेळा घेतो आणि त्याची सरासरी काढतो. एखादी नोंद किंचित अधिक येते, एखादी किंचित उणी. सरासरीत हे चढउतार बव्हंशी एकमेकांस भरून काढतात. आज हे काम उपकरणास जोडलेला संगणक करू शकतो. परंतु बेरीज करताना एक लहानशी गोष्ट विसरली, तर तो मोठ्या तत्परतेने चुकीचे उत्तर देतो. ती गोष्ट कोणती, ते आपण पाहू.

संगणकाला आज्ञा बहुधा अक्षरांत लिहून देतात. अमेरिकेतील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८६ साली लॅबव्ह्यू ही निराळी पद्धती आणली. तीत प्रत्येक क्रियेचे एक चित्र असते आणि संख्या तारांतून एका चित्राकडून दुसऱ्याकडे जातात. जे काम पुनःपुन्हा करावयाचे, त्याभोवती एक चौकट काढतात. तिला लूप म्हणतात. एका चौकटीत दुसरीही बसविता येते. मग बाहेरच्या चौकटीचा एक फेरा होईपर्यंत आतल्या चौकटीचे सर्व फेरे पुरे होतात. जणू मिनिटकाट्याची पूर्ण प्रदक्षिणा झाली म्हणजे तासकाटा एक घर सरकतो.

समजा, तीन तास, दर तासाला चार वेळा तपमान नोंदवावयाचे आहे. बाहेरची चौकट ३ फेऱ्यांची, आतली ४ फेऱ्यांची. एका फेऱ्यातील बेरीज पुढच्या फेऱ्यास मिळावी म्हणून आतल्या चौकटीच्या दोन्ही कडांवर चौकोनांची एक जोडी ठेवतात. हेच शिफ्ट रजिस्टर. उजव्या चौकोनात ठेवलेली संख्या पुढच्या फेऱ्यात डाव्या चौकोनातून निघते; बेरजेतला हातचाच म्हणा ना!

पहिल्या तासाच्या नोंदी २४.८, २५.०, २५.२ आणि २५.० अंश. बेरीज १००, सरासरी २५. दुसऱ्या तासाची बेरीज १०४ आणि तिसऱ्याची १०८. म्हणजे सरासरी २६ व २७ यावयास हवी. परंतु डाव्या चौकोनास आरंभीची संख्या जोडली नसेल, तर तो मागील खेपेची अखेरची बेरीज धरून बसतो. मग दुसऱ्या तासाला २०४ भागिले ४, म्हणजे ५१. तिसऱ्याला ३१२ भागिले ४, म्हणजे ७८! पहिले उत्तर बरोबर असते, म्हणूनच चूक चटकन ध्यानात येत नाही. आरंभी आम्हीही येथेच फसलो.

उपाय सोपा आहे. आतल्या चौकटीच्या बाहेरून तिच्या डाव्या चौकोनास शून्याची तार जोडावी. मग दर तासाची बेरीज नव्याने सुरू होते. तिन्ही तासांची एकूण बेरीज हवी असल्यास बाहेरच्या चौकटीवर दुसरी जोडी ठेवावी आणि तिला एकदाच शून्य द्यावे. दुकानदार रोजच्या विक्रीची बेरीज रोज नव्याने मांडतो, महिन्याची मात्र पुढे नेतो, तसेच हे.

आणखी एक सावधगिरी. एका तासाला ४ नोंदींची सरासरी २५ आणि दुसऱ्याला २ नोंदींची २८ आली, तर एकूण सरासरी २६.५ नव्हे, १५६ भागिले ६, म्हणजे २६ होय.

खोलीचे तपमान ७८ अंश आले, तर आपण हसून चूक शोधू. पण ज्या राशीचा अंदाजच नाही, तिथे चुकीची संख्या खरी म्हणून वहीत उतरेल. म्हणून यंत्रावर विसंबण्यापूर्वी दोन फेरे कागदावर स्वतः करून पाहावेत.