फुसका बार निघाला तर

बाळा, आप्पांच्या मागे परवाना तुझ्या नावावर झाला आणि कानपूरच्या कारखान्यातलं ते बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर तुझ्या कपाटात आलं. परवा रेंजवरून परतलास तो तोंड पाडून, सहातले दोन बार उडालेच नाहीत म्हणून. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. फुसका बार आपलं कारण मागे ठेवून जातो, ते शोधायला डोळे आणि थोडा धीर लागतो. डोळे तुझे चांगले आहेत. धीराचं मी सांगतो.

१. चाप ओढला आणि नुसता ‘टक’ आवाज आला, की नळी निशाण्याकडेच धरून ठेव आणि मनात साठ आकडे मोज – कधीकधी दारू उशिरा पेट घेते. लगेच पुन्हा चाप ओढलास तर चक्र फिरतं, ते काडतूस नळीसमोरून बाजूला जातं, आणि तिथे फुटलं तर गोळीला बाहेर पडायला वाट नसते. मोजशील साठ, तर शाबूत हात.

२. ‘टक’च्या जागी दबकं ‘फुस्स’ झालं आणि हाताला नेहमीचा धक्का बसला नाही, तर त्या दिवशीचा नेम तिथेच थांबव – गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते, फाटतेसुद्धा. सगळी काडतुसं काढून नळी आरपार दिसते का ते बघ.

३. उडालं नाही ते काडतूस उजेडात धर आणि बुडाच्या मधल्या टोपीवरचा खड्डा बघ – अर्धं निदान तिथेच होतं. खड्डा खोल आणि मधोमध असेल, तर बहुधा काडतूसच वाईट. उथळ असेल, तर घोड्याचा मार कमी पडतोय. एका कडेला असेल, तर चक्र नळीच्या रेषेत थांबत नाही. खड्डाच नसेल, तर घोड्याची चोच झिजली किंवा तुटली आहे का ते बघायला हवं.

४. बघून झालं की ते काडतूस रेंजच्या अधिकाऱ्याच्या हवाली कर. फोडून बघायचा मोह नको – उडालं नाही म्हणून ते मेलेलं नसतं.

५. चक्राच्या एका घराशेजारी खडूचा ठिपका दे आणि कुठल्या घरात बार फसला ते वहीत लिही – दर वेळी तेच घर निघालं तर दोष त्या घरात, वेगवेगळी निघाली तर घोड्यात नाहीतर काडतुसांत. स्मरणशक्तीवर सोडू नकोस, तुझी मला ठाऊक आहे.

६. आता नीट ऐक, कारण खरी मेख इथे आहे. त्याच डब्यातली काडतुसं घे. काही घोडा अंगठ्याने मागे ओढून मार, काही नुसत्या लांब चापाने. पहिल्या रीतीने सगळी उडाली आणि दुसऱ्या रीतीने काही फसली, तर मार हलका पडतोय असं समज – लांब चापात घोडा कमी मागे जातो, म्हणून आधीच थोडा हळू आदळतो. कमान ढिली पडली असेल, नाहीतर आतलं जुनं तेल चिकटलं असेल.

७. म्हणून आधी साफसफाई, मग कमानीवर संशय. खोबरेल तेल चुकूनही लावू नकोस – थंडीत ते थिजतं आणि पुढे त्याचा चिकट थर बसतो. हत्याराचं पातळ तेल घे. थेंब लोखंडाला, बाकी फडक्याला.

८. चक्राची घरं मात्र कोरडी पुसून ठेव – तेल झिरपून टोपीत गेलं तर चांगलं काडतूसही मुकं होतं.

९. रिकामी पुंगळी काढताना नळी आभाळाकडे कर आणि हत्यार एका दमात पूर्ण उघड – अर्धवट उघडलं तर पुंगळी बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली सरकते, किंवा न जळालेली दारू तिथे साचते. मोहरीएवढा कण अडकला तरी चक्र अडखळतं. जुना दातांचा ब्रश त्यासाठीच जपून ठेव.

१०. बंद केल्यावर वरचं कुलूप पूर्ण बसलं ना, ते बोटाने चाचपून बघ – तुझं हत्यार वेब्लीच्या घडणीचं, त्यात ते अर्धवट राहिलं तर घोडा काडतुसापर्यंत पोचत नाही.

११. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासूनचा, पण काडतूस कुठलंही असो, त्यालाही वय असतं – जुनं आधी वापर, आणि हिरवट डाग पडलेलं वेगळं काढ. दारू जुनी, हमी उणी.

१२. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस – चामडं ओल धरतं, लोखंड गंजतं आणि पितळ हिरवं पडतं.

१३. कमान वाकवणं, चोच कानशीने घासणं, व्हिडिओ बघून आतलं उघडणं, यातलं काही नको – परवानाधारक कारागिराकडे जा आणि ती वही दाखव. त्याचा अर्धा दिवस वाचेल.

१४. दुरुस्तीनंतरची चाचणी रेंजवरच. गच्चीवर नाही, शेतात नाही, कुणाच्या वरातीत तर नाहीच – लग्नाकार्यातल्या बेजबाबदार गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि सुटलेली गोळी कुठेतरी पडतेच.

१५. निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करावं लागलं, तर परत आल्यावर आधी ते पुसून, चक्र फिरवून बघ – महिना-दोन महिने कुठल्या हवेत पडून होतं कुणास ठाऊक. आणि देणारा ‘रिकामं आहे’ म्हणाला तरी, नळी सुरक्षित दिशेला धरून सहाही घरं स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मगच कपाटात ठेव.