आठवीनंतरची शाळा : गडचांदूर परिसरातील विद्यार्थ्यांची पूर्वतयारी

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, माणिकगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, कोरपना तालुक्यातील गडचांदूर वसले आहे. या भूभागातील चुनखडीच्या विपुल साठ्यांमुळे १९८० नंतरच्या दशकांत गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले आणि कापूस पिकविणाऱ्या या प्रदेशाला औद्योगिक रूप आले. लगतच्या डोंगरावर जिवती तालुका आहे. तेथे गोंड व कोलाम समाजाचे गुडे आणि बंजारा समाजाचे तांडे विखुरलेले आहेत. डोंगरावरील कुटुंबांना बाजाराकरिता, औषधपाण्याकरिता आणि मुलांच्या पुढील शिक्षणाकरिता गडचांदूर जवळचे वाटते.

गुड्यातील वा लहान गावातील मूल प्राथमिक शिक्षण गावच्या जिल्हा परिषद शाळेतच घेते. ही शाळा कोठे चौथीपर्यंत, कोठे सातवीपर्यंत, तर कोठे आठवीपर्यंत असते. त्यानंतर मात्र गाव सोडून माध्यमिक शाळेत जावे लागते. नेमक्या या वळणावर अनेक मुले मागे राहतात. ती अभ्यासात कच्ची असतात म्हणून मागे राहतात असे नव्हे. एका शाळेने निरोप दिलेला असतो आणि दुसऱ्या शाळेने अद्याप स्वागत केलेले नसते. या मधल्या दोन-तीन महिन्यांत मुलाचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर नसते, आणि ही पोकळीच पुढे शाळा कायमची सुटण्याचे कारण ठरते.

आधार सुटण्याची वेळ

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास पहिली ते आठवीच्या शिक्षणाचा हक्क दिला. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल वयाने मोठे असले तरी त्यास वयानुरूप वर्गात बसवावे लागते. परंतु या हक्काची मर्यादा आठवी ही आहे. आठवी पूर्ण होताच कायद्याचे हे संरक्षण संपते.

त्याचबरोबर आणखी काही आधारही सुटतात. शासकीय व अनुदानित शाळांत मिळणारी मोफत पाठ्यपुस्तके आणि दुपारचा शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. नववीत पुस्तके, वह्या, गणवेश आणि प्रवास यांचा भार कुटुंबावर येतो. मूल याच सुमारास चौदा वर्षांचे होते. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील बालकास कोणत्याही कामावर ठेवण्यास मनाई असून, चौदा ते अठरा या वयात खाणी व इतर धोकादायक कामांपुरती मनाई आहे. म्हणजे शिक्षणाची सक्ती संपते त्याच वयात मजुरीची वाट काही प्रमाणात मोकळी होते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील आणखी दोन हातांचे मोल किती असते, हे या भागातील प्रत्येक पालकास ठाऊक आहे. पालकास दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. सुटलेल्या आधारांच्या जागी कोणते आधार उपलब्ध आहेत, हे त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे हाच त्यावरील उपाय होय.

कागदपत्रे आधीच तपासावीत

प्रवेशाच्या तयारीस कागदपत्रांपासून आरंभ करणे इष्ट ठरते. शाळा सोडल्याचा दाखला हा त्यातील प्रमुख कागद होय. त्यावर विद्यार्थ्याचे व आईवडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, मातृभाषा, शिकत असलेली इयत्ता आणि शाळा सोडल्याचा दिनांक या नोंदी असतात. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील मजकूरच त्यावर उतरत असल्यामुळे मूळ नोंदीत चूक असेल तर ती दाखल्यावरही येते.

गोंडी, कोलामी, तेलुगू व बंजारा नावे मराठीत लिहिताना वेगवेगळ्या प्रकारे लिहिली जातात. शाळेत एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेच्या खात्यात तिसरे, असा प्रकार नेहमी आढळतो. लहानशा वाटणाऱ्या या फरकामुळे शिष्यवृत्तीची रक्कम अडकते, आणि दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना तीच चूक पुन्हा समोर येते. मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत पुराव्यानिशी अर्ज करून नोंदीतील दुरुस्ती करून घेणे सोपे असते. शाळा सोडल्यानंतर तेच काम किचकट होते. म्हणून आठवीच्या पहिल्या सत्रातच मुख्याध्यापकांनी प्रत्येक मुलाच्या नोंदी पालकांना वाचून दाखवाव्यात. ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांकरिता ही गोष्ट अधिकच आवश्यक आहे.

जातीच्या दाखल्याबाबत या भागाची एक विशेष अडचण आहे. राजुरा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. अनुसूचित जमातीच्या दाखल्याकरिता ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा विचारात घेतला जातो. विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाकरिता १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक आहेत. हैदराबाद राज्याचा कारभार उर्दूत चालत असल्याने जुन्या महसुली नोंदी कित्येकदा उर्दूत असतात. आजोबांच्या नावाची नोंद शोधणे, तिची नक्कल घेणे आणि तिचे मराठी भाषांतर करून घेणे ही आठ दिवसांत होणारी कामे नव्हेत. ती जूनच्या गर्दीत न करता आदल्या हिवाळ्यातच हाती घ्यावीत. कुटुंबातील एखादा मोठा भाऊ, काका वा आत्या शाळेत गेली असल्यास तिच्या शाळेतील जुनी नोंदही उपयोगी पडते.

दाखला हाती आला नाही म्हणून पालकाने मुलास घरी बसवू नये. आठवीपर्यंत दाखल्याच्या विलंबाचे कारण सांगून प्रवेश नाकारता येत नाही, अशी शिक्षण हक्क कायद्यातच तरतूद आहे. नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांचाही प्रवेश केवळ दाखल्याअभावी अडवू नये, असे निर्देश राज्य शासनाने २०२१ मध्ये दिले आहेत.

अभ्यासाचा पूल

राज्यात २०२३ मध्ये नियमांत बदल होऊन पाचवी व आठवीकरिता वार्षिक परीक्षा लागू झाली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीतही यश न आल्यास त्याच वर्गात राहावे लागते. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही, ही गोष्ट पालकांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘नापास झाला, आता शाळा संपली’ हा समज घातक आहे.

नववीतील पहिली अडचण भाषेची असते. कोलामी व गोंडी या द्रविड कुळातील भाषा असून मराठीहून त्यांची घडण भिन्न आहे. घरी कोलामी बोलणारे मूल सात-आठ वर्षांत व्यवहाराची मराठी सहज आत्मसात करते. परंतु पाठ्यपुस्तकाची मराठी निराळी असते. २०१७ मध्ये आलेल्या नववीच्या विज्ञान पुस्तकात विद्यार्थ्यास आरंभीच ‘विस्थापन’, ‘वेग’, ‘त्वरण’ हे शब्द भेटतात. शब्द अडला की विषय अडतो, आणि विषय अवघड असल्याची समजूत होते. आठवीच्या शेवटच्या दोन महिन्यांत रोज पाच पारिभाषिक शब्द फळ्यावर लिहून त्यांचा अर्थ घरच्या भाषेत सांगण्याचा परिपाठ ठेवल्यास ही भीती बरीच कमी होईल. गुड्यापासून गडचांदूरच्या बाजारापर्यंत रस्ता वळणावळणाने किती लांब पडतो आणि पाखरू सरळ उडत गेले तर किती, हा भेद समजला की अंतर व विस्थापन हे दोन्ही शब्द समजतात.

गणितातही घरच्या व्यवहारातून वाट काढता येते. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात. समजा, दोघी बहिणींनी मिळून ७० किलो कापूस वेचला आणि थोरलीने धाकटीपेक्षा १० किलो अधिक वेचला. थोरलीचा कापूस ‘क्ष’ व धाकटीचा ‘य’ मानला, तर क्ष + य = ७० आणि क्ष – य = १० ही दोन समीकरणे मिळतात. दोहोंची बेरीज केल्यास २क्ष = ८०, म्हणजे क्ष = ४० आणि य = ३०. वेचणीचा हिशेब तोंडी करणाऱ्या मुलीस हे उदाहरण परके वाटत नाही. ती आजवर जे मनात करीत होती तेच येथे अक्षरांत मांडले आहे. अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी व साधी समीकरणे एवढा पाया आठवीत पक्का झाला तर नववीचे गणित पेलता येते. कोरोनाच्या साथीनंतर १ जुलै २०२१ पासून राज्यभर ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबविण्यात आला होता. मागील इयत्तेतील उणिवा भरून काढून पुढील इयत्तेकडे नेण्याची ती पद्धत या वळणावर दरवर्षी उपयोगी पडण्यासारखी आहे.

शिष्यवृत्ती, प्रवास व निवास

आठवीत शिकत असतानाच देता येणारी एक महत्त्वाची परीक्षा म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी असलेली राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा होय. राज्यात ती पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांकरिता ही अट ५० टक्के आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या असतात. निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षास १२,००० रुपये, थेट बँक खात्यात जमा होतात. नववीत सुटणाऱ्या आधारांची भरपाई करण्यास ही रक्कम उपयोगी पडते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुले या परीक्षेस बसू शकतात; मोफत निवास व भोजन देणाऱ्या शासकीय निवासी शाळांतील मुलांना ती लागू नाही. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांकरिता नववी-दहावीच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्त्या स्वतंत्रपणे आहेत.

दूरच्या गावातील मुलांकरिता आदिवासी विकास व समाजकल्याण या विभागांची वसतिगृहे आणि आश्रमशाळा आहेत. आदिवासी विकास विभागाच्या प्रवेशाची चौकशी चंद्रपूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. जवाहर नवोदय विद्यालयातही रिक्त जागांकरिता नववीस प्रवेशपरीक्षा होते. जिल्ह्याचे हे विद्यालय तळोधी (बाळापूर) येथे आहे. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी. चा मोफत पास मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत आठवीपासूनच्या गरजू मुलींना सायकली देण्याची तरतूद आहे. मुलींच्या बाबतीत अंतर हा केवळ किलोमीटरचा प्रश्न नसतो. सायंकाळची गाडी चुकली तर मुलगी घरी कशी येईल, या एका काळजीने तिची शाळा बंद होते. म्हणून एकाच गावातील तीन-चार मुलींचा प्रवेश एकाच शाळेत व्हावा, असा प्रयत्न शाळा व्यवस्थापन समितीने करावा. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. तेव्हा ही काळजी त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वर्षाचा क्रम

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नोंदींची तपासणी व दुरुस्ती करावी. दिवाळीच्या सुमारास शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरावेत आणि हिवाळ्यात जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांची कामे उरकावीत. जानेवारीनंतर अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात; अशा मुलांच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे जातील तेथील शाळेत त्यांचा अभ्यास चालू राहील. मार्चमध्ये आठवीच्या मुलांना एक दिवस नव्या शाळेत न्यावे. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि तेथील शिक्षक यांची ओळख झालेले मूल जूनमध्ये बुजत नाही. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपानांचा हंगाम असतो आणि विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. ही लांबलेली सुटी फार धोक्याची असते. म्हणून निकालाच्या दिवशीच प्रवेशाचा अर्ज भरून घेणे श्रेयस्कर.

अखेरचे काम जुलैमध्ये उरते, आणि नेमके तेच राहून जाते. शाळा सोडलेल्या मुलाची संगणकावरील नोंद नवी शाळा स्वीकारेपर्यंत अधांतरी राहते. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना ही यादी पाहता येते. तिच्यात अजूनही दिसणारे प्रत्येक नाव म्हणजे कोठेही दाखल न झालेले एक मूल असू शकते. अशा मुलाच्या घरी शिक्षकाने एकदा जाऊन यावे. पैशाची अडचण आहे, दाखल्याची आहे, की मुलगी सासरी पाठविण्याचा विचार चालू आहे, हे घरी गेल्यावाचून कळत नाही. कारण कळले तर बहुधा उपायही सापडतो.

दाखला हाती दिला म्हणजे शाळेचे कर्तव्य संपले, अशी समजूत आजवर रूढ आहे. वास्तविक ते कर्तव्य मुलाचे नाव पुढील शाळेच्या पटावर लागेल तेव्हाच पुरे होते. पोहऱ्याचा दोर एका हातातून दुसऱ्या हातात देताना पहिल्याने तो आधी सोडला, तर पोहरा विहिरीत जातो. माणिकगडच्या डोंगरावरून गडचांदुरात उतरणाऱ्या मुलांच्या बाबतीत दोन्ही शाळांनी एवढी खबरदारी घेतली, तर आठवी हा शिक्षणाचा शेवट न राहता त्याच्या पुढील वाटचालीचा आरंभ ठरेल.