मनगटाचा गिअर

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. माझदा एमएक्स-५ घ्यायची आहे, पण ऑफिसच्या वाटेवर रोज ट्रॅफिक. ऑटोमॅटिक घ्यावी का?

उत्तर : माझं मत मॅन्युअललाच. हिचं ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचं. पोर्शच्या पीडीकेसारखं दोन क्लचचं नाही, त्यामुळे वेगात काही कमाई नाही. २ लिटरचं इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत फिरतं आणि खरी ताकद वरच देतं. तिथे गिअर आपल्या हातात हवा. गिअर नुसत्या मनगटाने पडतो, क्लचही हलका. (पुण्यातल्या जुन्या जीपचा क्लच विसरा!) गुडघा कुरकुरत असेल, तर मात्र बिनदिक्कत ऑटोमॅटिक घ्या. टेस्ट ड्राइव्ह तेवढी संध्याकाळच्या गर्दीत मागा, रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर नको.